एका चेंडूचे अनेक गुरू

न विचारता आपल्या डॉक्टरचे नाव सांगणारी माणसे मला ठाऊक होती. न विचारता आपल्या ज्योतिष्याचा पत्ता खिशात कोंबणारीही पुष्कळ भेटली. पण ओळख होऊन पाच मिनिटे होण्याच्या आत "तुम्ही कुणाकडे शिकता?" असे विचारणारी, आणि आपण नाव सांगताच "अरेरे! त्यांच्याकडे?" म्हणून आपल्या खांद्यावर हात ठेवणारी जात मला पाहायला मिळाली ती साठी उलटल्यावर, गोल्फच्या मैदानावर.

गोल्फ म्हटल्याबरोबर निम्मे वाचक पान उलटणार हे मला दिसते आहे. त्यांना विनंती अशी की, जरा थांबा. मी संस्थानिक नाही, कारखानदार नाही. चौतीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजून मी निवृत्त झालो. जावयाने नवा संच घेतला तेव्हा त्याचा जुना संच आमच्या घरी आला, आणि सौभाग्यवतीने "ही काठ्यांची पिशवी माळ्यावर जाणार नाही" असे जाहीर केल्यामुळे ती घेऊन मला घराबाहेर पडावे लागले. आमच्या शहराच्या कडेला एक क्लब आहे. त्याच्या मागच्या अंगाला सरावाचे मैदान आहे, त्याला सगळे रेंज म्हणतात. तिथे बादलीभर चेंडूंचे पैसे भरले की माझ्यासारख्या उपऱ्यालाही उभे राहू देतात. क्लबच्या आत मी अजून गेलेलो नाही. पण या लेखाला जे लागते ते सगळे रेंजवरच घडते.

हा खेळ वरून फार सोपा दिसतो. चेंडू लिंबाएवढा, वजनाने जेमतेम ४६ ग्रॅम. तो सुभाष गुप्त्यांच्या गुगलीसारखा वळत नाही, उसळत नाही, अंगावर येत नाही. आपल्या पुढ्यात गवतावर मुकाट बसून असतो. आपण सवड काढून, चष्मा पुसून, पाय जुळवून काठी उगारायची आणि मारायची. एवढे करून तो चुकतो! कधी काठी वरूनच जाते, कधी चेंडूच्या वीतभर अलीकडे जमिनीत रुतते, आणि नीट लागला असे वाटले तर चेंडू शंभर यार्ड सरळ जाऊन, काही आठवल्यासारखा, उजवीकडे वळून झाडीत शिरतो. या शेवटच्या रोगाला स्लाइस म्हणतात. डायबिटीसप्रमाणे तो घरोघरी आहे.

काठी मागे नेऊन पुढे आणण्याच्या या क्रियेला स्विंग म्हणतात. त्यातला खाली येण्याचा भाग साधारण पाव सेकंदात संपतो, आणि काठीचे पाते चेंडूला चिकटून असते ते सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. एवढ्या वेळात माणसाला काय विचार करता येणार? 'राम' म्हणायलाही याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे जे काही शिकायचे ते आधी शिकायचे, आणि ऐन वेळी ते विसरून मारायचे. काय शिकायचे आणि किती विसरायचे, या एका प्रश्नावर जगातले सगळे गोल्फगुरू एकमेकांपासून वेगळे झाले आहेत.

आमच्या रेंजच्या मागे एक लांब बाक आहे. संध्याकाळी बादल्या रिकाम्या झाल्या की आम्ही चारपाच जण तिथे चहा घेतो आणि आपापल्या गुरूची थोरवी गातो. गाण्याच्या बैठकीनंतर ऐकणाऱ्यांत जी घराण्यांची भांडणे चालत, तसाच हा प्रकार. किराण्याचा माणूस सुरावर बोलणार, आग्र्याचा लयीवर बोलणार, आणि दोघेही एकमेकांना 'गाणे कळत नाही' म्हणणार. फरक इतकाच की गाण्याच्या बैठकीत भांडणारे स्वतः गात नसत. आम्ही मात्र नुकतेच आपापले गाणे सर्वांदेखत गाऊन बसलेले असतो.

आमच्यातले कर्नलसाहेब बेन होगनच्या घराण्यातले. होगनला ते भेटलेले नाहीत, तो १९९७ सालीच वारला. पण त्याचे १९५७ सालचे पाच धड्यांचे पुस्तक त्यांच्या पिशवीत चेंडूंच्या जोडीला असते. होगन हा माणूस होताच तसा. १९४९ साली त्याच्या मोटारीवर समोरून बस आदळली, पुन्हा चालेल की नाही याची शंका होती, आणि पुढच्याच वर्षी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. अशा माणसाने सांगितलेले खोटे कसे असेल? त्याच्या पुस्तकात एक प्रसिद्ध चित्र आहे. खेळणाऱ्याच्या खांद्यांपासून चेंडूपर्यंत एक तिरपी काच टेकवलेली आहे आणि डोके बाहेर काढण्यापुरते तिला भोक आहे. काठी मागे नेताना ही काच फुटता कामा नये. कर्नलसाहेबांच्या हातून ती रोज संध्याकाळी साठ वेळा फुटते, पण त्यांची निष्ठा फुटत नाही.

या निष्ठेला एक अडचण आहे, आणि ती प्रोफेसरांनी एकदा बाकावर काढली. होगनला तरुणपणी रोग होता तो उलटा. त्याचा चेंडू डावीकडे वळे. त्याला हुक म्हणतात. त्याने वर्षानुवर्षे राबून जी मूठ शोधली, जी तंत्रे बसवली, ती चेंडू डावीकडे जाऊ नये यासाठी. आमच्या कर्नलसाहेबांचा चेंडू आधीच उजवीकडे जातो. म्हणजे बद्धकोष्ठाच्या माणसाने अतिसाराचे औषध घ्यावे तसे हे झाले. कर्नलसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "औषध चांगलं आहे ना? मग झालं!"

गुरू शिकवतो ते बहुधा स्वतःच्या दुखण्यावरचे औषध असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा उमगले. अर्नेस्ट जोन्स नावाचा एक इंग्रज खेळाडू होता. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गोल्फ म्हणजे कमरेचा आणि पायांचा खेळ असे तेव्हाही सांगत. हा परत आला आणि एका पायावर उभा राहून अठरा भोके ८३ फटक्यांत खेळला. तेव्हा त्याने विचार केला, की पाय नसताना चेंडू जातो, तर मग चेंडू मारते कोण? त्याचे उत्तर असे, की काठीच्या टोकाचे वजन झुलवा, बाकीचे अंग आपोआप मागून येईल. तो रुमालाच्या कोपऱ्याला खिशातला चाकू बांधून शिष्यांना तो झुलवून दाखवी. रुमालाने ढकलता येत नाही, फक्त झुलवता येते. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने न्यूयॉर्कच्या भर वस्तीत, घरात बसून, हे शिकवले. मी घरी रुमालाला अडकित्ता बांधून पाहिला. सौभाग्यवतीने अडकित्ता काढून घेतला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आमचे प्रोफेसर. त्यांनी चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. होमर केली नावाचा सिॲटलचा एक गृहस्थ होता, बोइंग विमान कंपनीत काम करणारा. त्याने १९६९ साली एक पुस्तक काढले आणि त्यात स्विंगचे २४ भाग पाडून त्यांचे १४४ प्रकार सांगितले. हे पुस्तक समजलेला माणूस मी पाहिलेला नाही. प्रोफेसर म्हणतात, मला समजले आहे. त्यांचा स्विंग पाहिल्यावर मात्र ते १४४ ही प्रकार एकाच वेळी करतात की काय, अशी शंका येते.

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. त्यांचे गुरू तरुण, सदऱ्यावर नाव शिवलेले, आणि त्यांच्याकडे यंत्र आहे. नारिंगी रंगाची एक चौकोनी पेटी मागे ठेवतात. ती रडारने चेंडू आणि काठी दोन्ही टिपते आणि पडद्यावर आकडे उमटतात. किती वेग, किती गिरक्या, पाते कुठे वळलेले, काठी कुठून कुठे गेली, सगळे एका अंशाच्या अपूर्णांकात. बाई म्हणतात, "मी एक्स-रे न काढता दाढ काढत नाही. मग माझा स्विंग कुणी नुसता डोळ्यांनी बघून दुरुस्त करावा का?" याला बाकावर कुणाकडेच उत्तर नव्हते.

आणि या यंत्राने एक मोठी गंमत करून ठेवली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चेंडू कोणत्या दिशेला निघतो आणि मग कोणत्या बाजूला वळतो, याचा एक नियम जुन्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापला जाई. काठी ज्या वाटेने येते त्या दिशेला चेंडू निघतो, आणि पाते जिकडे तोंड करून असते तिकडे तो मागाहून वळतो, असा तो नियम. मोठमोठ्या गुरूंनी तो सांगितला, शिकवण्याच्या परीक्षांत तो लिहून लोक पास झाले. रडार आले आणि कळले की हे जवळजवळ उलटे आहे. चेंडू निघतो तो बहुतांशी पात्याचे तोंड असेल तिकडे. वळतो तो वाट आणि तोंड यांच्यात फरक असेल त्या मानाने. प्रोफेसरांनी हे कागदावर बाण काढून सिद्ध केले आणि विजयाने सगळीकडे पाहिले.

"मग इतकी वर्षं ते सगळे गुरू खोटं शिकवत होते?" कर्नलसाहेबांनी विचारले.

"नियम खोटा होता," प्रोफेसर म्हणाले.

"आणि चेले?"

चेले तर जगज्जेते झाले होते. इथे प्रोफेसर अडले. मला स्वतःला यात फारसे आश्चर्य वाटले नाही. आमच्या बँकेत एक हेडक्लार्क होते. बेरीज का जुळत नाही याची ते नेहमी चुकीची कारणे सांगत, पण त्यांनी बोट ठेवले त्या पानावर चूक सापडत असे.

राहिले शेटजी. लोखंडाचे व्यापारी. त्यांनी आजवर अकरा गुरू केले. प्रत्येक गुरूकडून ते दीड महिन्याचा माल उचलतात, आणि पटले नाही की दुकान बदलतात. त्यामुळे त्यांची मूठ एका गुरूची, उभे राहणे दुसऱ्याचे, कंबर तिसऱ्याची आणि चेहऱ्यावरची चिंता सर्वांची मिळून आहे. कुणी टोकले की ते टायगर वुड्सचे नाव घेतात. "त्यानं नाही बदलले?" बदलले, हे खरेच. १९९७ साली त्याने मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली, आणि असा विजय मिळवून देणारा स्विंग लगेच मोडून नवा बांधायला घेतला. हार्मन गुरूंच्या काळात त्याने आठ मोठ्या स्पर्धा मारल्या, हेनींच्या काळात सहा, फोलींच्या काळात एकही नाही, आणि २०१९ साली पंधरावी मारली तेव्हा त्याला स्विंग शिकवणारा गुरूच नव्हता. या आकड्यांवरून शेटजी म्हणतात गुरू बदलावा. कर्नल म्हणतात पहिला सोडू नये. आणि मी म्हणतो... पण मला कुणी विचारत नाही. मी एकदा शेटजींच्या बाजूने भास्करबुवा बखल्यांचे नाव मात्र काढले होते. बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशी तीन घराण्यांची तालीम घेतली आणि तिन्ही पचवली. शेटजी खूश झाले. प्रोफेसर म्हणाले, "ते पचवलं. यांना अपचन झालं आहे."

माझ्या गुरूंना सगळे मास्तर म्हणतात. मी मुद्दामच शेवटी त्यांच्याकडे आलो. मास्तर सत्तरीला टेकलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील गवत कापायला या मैदानावर आले आणि पोर चेंडू गोळा करू लागले. मग कॅडी, म्हणजे साहेबाची पिशवी वाहणारा. मग साहेब नसताना साहेबाच्या मोडक्या काठीने खेळणारा. आपल्या देशात या खेळातले कितीतरी मोठे खेळाडू असेच वर आले. दिल्लीचा अली शेर कॅडी होता. त्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. कलकत्त्याच्या रॉयल क्लबात, १८२९ साली स्थापन झालेल्या त्या जुन्या मैदानावर, गवत राखणाऱ्याचा मुलगा चौरसिया. तो पाहून पाहून शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने तीच स्पर्धा जिंकली. आमच्या मास्तरांना स्पर्धा जमल्या नाहीत. ते शिकवू लागले. फी अर्ध्या तासाला चारशे रुपये. यंत्रवाल्या गुरूंची याच्या सातपट.

गेल्या मार्चात क्लबाच्या कमिटीने नियम केला, की यापुढे रेंजवर ज्याच्यापाशी प्रमाणपत्र आहे त्यानेच शिकवावे. कमिटीचे म्हणणे अगदीच वावगे होते असे मी म्हणणार नाही. उद्या कुणीही उठेल आणि काठी हातात घेऊन लोकांच्या कमरा मोडील. पूर्वीपासून शिकवणाऱ्यांना सूट मिळायची होती, पण अर्ज भरून. अर्ज इंग्रजीत, चार पानी. मास्तर तो घेऊन माझ्याकडे आले.

"साहेब, तुम्ही ब्यांकेत होता. एवढं भरून द्या."

नाव, पत्ता, जन्मतारीख यांत दोन पाने गेली. शिक्षण : चौथी. प्रमाणपत्रे : नाहीत. पुढे चौदावा रकाना होता. आपले शिकवण्याचे तत्त्वज्ञान दोनशे शब्दांत लिहा. मी मास्तरांना ते मराठीत सांगितले.

"ते कुठून आणायचं?" मास्तर म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "तुमच्याकडं असंल तर लिवा."

माझ्याकडे नव्हते. बाकावर बसून तास न् तास गुरूंची तुलना करणाऱ्या मला, स्वतःच्या गुरूबद्दल दोनशे शब्द लिहिण्याइतके काही ठाऊक नव्हते. तेव्हा तीन दिवस सकाळी सहाला जाऊन मी नुसता पाहत बसलो. हातात वही. मास्तरांना आधी अवघडल्यासारखे झाले. मग ते मला विसरले.

पहिल्याने एक बारा वर्षांचा मुलगा आला. आईने सोडला आणि ती फेऱ्या मारायला गेली. मुलगा जिवाच्या आकांताने काठी फिरवत होता. चेंडू दहा दिशांना. मास्तर एक अक्षर बोलेनात. अर्धी बादली संपली. माझ्यातला बँकवाला अस्वस्थ झाला. चारशे रुपयांपैकी दोनशे तर गेले! मी हळूच विचारले.

"त्याला अजून दम हाय," मास्तर म्हणाले. "दमला की जोर करायचं सोडंल. मग हात काय करत्यात ते दिसंल."

तसेच झाले. शेवटच्या वीसेक चेंडूंना मुलगा आपसूक सैल पडला, आणि मास्तरांनी त्या दिवसातले एकमेव वाक्य उच्चारले. "आत्ता जसं मारलंस तसं उद्या पहिल्यापासनं मार."

मग एक स्थूल बाई. त्यांचा तोल जाई. त्यांना मास्तरांनी दोन्ही पाय जुळवून, शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसे, उभे केले आणि मारायला लावले. पाय जुळवल्यावर माणसाला जोर करता येत नाही, केला तर तो पडतो. बाई दोनदा पडता पडता वाचल्या आणि तिसऱ्याने चेंडू सुरेख उडाला. त्या स्वतःच चकित होऊन चेंडूकडे पाहत राहिल्या. कमरेचे नाव नाही, खांद्याचे नाव नाही.

आणि त्यानंतर, एकामागून एक, दोन स्लाइसवाले आले. दोघेही संगणकाच्या कंपन्यांतले, दोघांचाही चेंडू उजवीकडच्या झाडीत. पहिल्यासाठी मास्तरांनी पायातली चप्पल काढली आणि चेंडूच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, ठेवली. काठी बाहेरून आत ओढलीत तर आधी चप्पल लागेल, एवढेच सांगितले. पहिल्या फटक्याला चप्पल चेंडूपेक्षा लांब गेली. मास्तर अनवाणी पायाने लंगडत जाऊन ती घेऊन आले आणि पुन्हा तिथेच ठेवली. सातव्या आठव्या फटक्याला चप्पल जागची हलली नाही, आणि चेंडू सरळ गेला.

मी वहीत लिहिले, 'स्लाइस : चप्पल.' तत्त्वज्ञानाचा एक तरी धागा हाती लागला असे वाटले. तेवढ्यात दुसऱ्याची पाळी आली. रोग तोच. मास्तरांनी चप्पल पायातच ठेवली. नुसती त्याची डाव्या हाताची मूठ सोडवली, जरा उजवीकडे फिरवली आणि पुन्हा काठीवर बसवली. "वरनं बघा. बोटांची दोन पेरं दिसत व्हती, आता तीन दिसाया पायजेत." संपले.

दोघे गेल्यावर मी हरकत घेतली. एकाच दुखण्याला दोन औषधे कशी?

"दुखणं एक न्हाई, साहेब. पहिल्याचा चेंडू डावीकडं निघतो आन् मग उजवीकडं वळतो. दुसऱ्याचा निघतोच उजवीकडं. त्याची पात उघडी ऱ्हाती."

मी वही मिटली. कारण यंत्राने सांगितलेले आणि प्रोफेसरांनी बाण काढून सिद्ध केलेले ते हेच. चेंडू निघतो तो पाते पाहील तिकडे. जुनी पुस्तके वाचलेल्या गुरूने त्या दुसऱ्या तरुणाची काठीची वाट दुरुस्त करायला घेतली असती, आणि ती तर बिचाऱ्याची ठीकच होती. मी विचारले, "मास्तर, हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? पोरपणी आम्ही चेंडू गोळा करायला साहेबाच्या समोर उभं असायचो, तिकडं, त्या कडुनिंबापाशी. साहेब मारायचा, आम्ही झेलायचं नाहीतर पळायचं. पात कुठं बघती हे बघितलं न्हाई तर चेंडू टाळक्यात. आमच्यातल्या एकाचा डोळा गेला."

हे त्यांनी ज्या आवाजात चप्पल म्हटले होते त्याच आवाजात म्हटले, आणि पुढच्या शिष्याची बादली उचलायला गेले.

त्या संध्याकाळी मी बाकावर हे सांगितले. प्रोफेसर इतका वेळ गप्प बसलेले मी कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी खिशातून पेन काढले. डॉक्टरीणबाईंनी आपल्या गुरूंचे यंत्र एक दिवस मागून आणले आणि मास्तरांच्या चार शिष्यांचे चेंडू त्यावर मोजले. मास्तर आधी तोंडाने सांगत, मग पडद्यावर आकडा येई. पात्याच्या बाबतीत चारांपैकी चार जुळले. त्या तरुण गुरूंचेही मला कौतुक वाटते. ते पडद्याकडे पाहायचे सोडून मास्तरांकडे पाहत उभे होते, आणि अर्जावर शिफारस म्हणून पहिली सही त्यांनीच केली. कर्नलसाहेबांनी सही करताना अट घातली, की होगनविरुद्ध काही लिहिलेले नाही ना ते मला वाचून दाखवा.

दोनशे शब्द मी लिहिले, पण मला ते मनासारखे जमले नाहीत. टेक्सासचे हार्वे पेनिक मला त्या वेळी आठवत होते. तेही वयाच्या आठव्या वर्षी कॅडी झालेले. त्यांनी आयुष्यभर एका तांबड्या वहीत टिपणे केली आणि ती बाहेरच्या कुणाला दाखवली नाहीत. १९९२ साली त्यांचे पुस्तक झाले तेव्हा ते ऐंशी उलटून गेले होते. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे दोघे पोरवयापासून त्यांचे शिष्य. एकाला शिकवत असताना ते दुसऱ्याला पाहू देत नसत. एकाचे औषध दुसऱ्याने नकळत घेऊ नये, म्हणून. १९९५ च्या एप्रिलात पेनिक गेले. क्रेनशॉने त्यांना खांदा दिला आणि त्याच आठवड्यात मास्टर्स जिंकली. पेनिकांपाशी निदान वही तरी होती. मास्तरांच्या चाळीस वर्षांतले कागदावर आले ते माझ्या इंग्रजीतले दोनशे शब्द, आणि त्यातही चप्पल हा शब्द कमिटीला कसा वाटेल म्हणून मी तीनदा खोडला. शेवटी राहू दिला.

पाठवण्याआधी तो मजकूर मी मास्तरांना मराठीत वाचून दाखवला. शिष्याकडे न पाहता आधी चेंडूकडे पाहतात. एका वेळी एकच गोष्ट सांगतात. तोंडाने सांगण्याऐवजी असे काही पुढ्यात ठेवतात, की चूक करणेच अवघड व्हावे. सारख्या दिसणाऱ्या दोन रोगांत भेद करतात. मास्तरांनी मान खाली घालून सगळे ऐकले.

"एवढं सगळं मी करतो व्हय?" ते म्हणाले. आणि जरा थांबून, "मग चारशे कमीच हायेत."

कमिटीचा निकाल जूनमध्ये आला. मास्तरांना परवानगी मिळाली, पण एक वर्षापुरती, आणि सकाळी दहापर्यंतच. संध्याकाळची वेळ, जेव्हा नोकरीवाले शिकाऊ लोक येतात आणि पैसे येतात, ती प्रमाणपत्रवाल्यांकडे गेली. मार्चात पुन्हा अर्ज करायचा आहे. चौदावा रकाना तोच राहणार आहे, आणि प्रोफेसरांनी या खेपेस तो आपण लिहिणार असे आतापासून बजावून ठेवले आहे. मला धास्ती एवढीच आहे की ते चपलेचे २४ भाग पाडतील.

संध्याकाळचे गेले तेव्हा आम्ही मास्तरांना फी वाढवायला लावली. पोरांना ते अजून चारशेच घेतात. त्यांच्या आईबापांना आम्ही सांगायचे नाही, अशी आम्हांला ताकीद आहे. आम्हां मोठ्यांना पाचशे. शेटजी बारावा गुरू म्हणून पुन्हा मास्तरांकडे आले आहेत. चौथ्या खेपेला ते इथेच पंधरा दिवस होते. त्यांना मात्र आठशे. शेटजींनी व्यापाऱ्याच्या रीतीने घासाघीस करून पाहिली. मास्तर म्हणाले, "शिकवायचं पाचशेच लावलंय, शेट. वरचं तीनशे आधीचं काढून टाकायचं."